हळदीच्या मशीनसाठी पुण्याच्या इनक्युबेटरला जावं का?

कुपवाडकर:
कुपवाड एमआयडीसीत वडिलांचं वर्कशॉप आहे, तिथंच दीड वर्ष एक हातात मावणारं यंत्र जुळवतोय. हळकुंडावर इन्फ्रारेड प्रकाश टाकायचा, परत येणाऱ्या प्रकाशावरून कुरकुमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) किती ते सांगायचं. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत सौदा होऊन माल गाडीत चढलेला असतो. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय (त्या भागाच्या मालाची खास ओळख सांगणारी सरकारी नोंद) मिळाला, पण मार्केट यार्डात भाव अजून रंगावर आणि वासावरच.

अडचण ही, की एकच हळकुंड तीन जागी मोजलं तर २.९, ३.८, २.४ टक्के. लॅबचा आकडा ३.२.

पुण्याच्या एका इनक्युबेटरनं (नव्या कंपन्यांना हात देणारी संस्था) बोलावलंय. बसायला टेबल, सल्ल्याला मेंटॉर, आणि बदल्यात कंपनीचा ५ टक्के हिस्सा. वडील म्हणतात, "टेबल हितं बी हाय की." काय करू?

उषा_पाषाण:
वडिलांचं ऐका. मी टेबलापायी हिस्सा देऊन बसले होते. मेंटॉर दोनदा भेटले, त्यातलं एकदा लिफ्टमध्ये. तुम्हाला लागणार ती लॅब. एचपीएलसी (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आहे का, आणि एका नमुन्याचे किती घेतात, एवढंच आधी विचारा. शे-दीडशे नमुने यंत्रावर आणि लॅबमध्ये, दोन्हीकडे मोजल्याशिवाय तुमच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारात व्हेंचर सेंटर हे इनक्युबेटर आहे, तिथं एक चक्कर मारून या. बिरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेच्या 'बिग' योजनेचीही चौकशी करा, ५० लाखांपर्यंत अनुदान, मुदत १८ महिने.

आणि कुणालाही दाखवण्याआधी प्रोव्हिजनल पेटंट (प्राथमिक अर्ज) टाका; आधीच चारचौघांत उघड झालं तर पेटंट हातचं जाऊ शकतं. पूर्ण तपशील द्यायला नंतर १२ महिने मिळतात. मी आधी प्रदर्शनात स्टॉल लावला, मग वकिलाकडे गेले. तो काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

यार्डातला:
अडतीच्या दुकानात बसतो, ते पेटंटबिटंट आपल्याला कळत नाही. पण भावा, तू पॉलिशचा माल मोजतोयस काय? ड्रममध्ये फिरवताना वरनं हळदीचीच पूड मारतात. कुठं जास्त बसती, कुठं कमी. तुझं मशीन ती पूड मोजतंय. आम्ही हळकुंड कटकन मोडून आत बघतो ते काय उगंच व्हय?

कुपवाडकर:
दादा, काल रात्री वीस हळकुंडं मोडली आणि मोडलेल्या तोंडावर मोजली. त्यातलं एक तीनदा: ३.१, ३.३, ३.२! वडील जेवायचं ताट हातात घेऊन बघत उभे होते. टेबलवाल्यांना 'नको' असं कळवलं. सोमवारच्या यष्टीनं नमुन्यांची पिशवी घेऊन पुण्याला निघतोय. मोडायला छोटा चिमटा आणि त्यालाच सेन्सर, असं...

उषा_पाषाण:
अहो थांबा! चिमट्याची पोस्ट आत्ताच्या आत्ता उडवा. स्टॉल लावला काय न् इथं लिहिलं काय, सारखंच. आणि सोमवारी आधी वकिलाकडे, मग लॅबमध्ये.