फाइलीच्या माथ्यावर आपोआप नक्षी कशासाठी?

मर्जग्रस्त: "फाइल सेव्ह होताच तिच्या माथ्यावर फिगलेट या चिन्हांतून अक्षरे रचणाऱ्या प्रोग्रामने काढलेले मोठ्या अक्षरांतले नाव आपोआप बसावे, म्हणजे कोड वाचनीय होतो," हा कालचा सल्ला वाचून राहवले नाही. आमच्याकडे अशी स्क्रिप्ट होती आणि ती नक्षीखाली सेव्ह केल्याची वेळही लिहीत असे. त्यामुळे दोघांनी एकाच फाइलीत अगदी दूरदूरच्या ओळी बदलल्या, तरी सगळ्यांचे बदल एकत्र करणारे गिट नेमके त्या वेळेच्या ओळीवर अडून बसे. एका शुक्रवारी मी चाळीस फाइलींतले तंटे हाताने मिटवले. त्यांत खऱ्या कोडचा तंटा एकही नव्हता.

नक्षीदार: कालचा सल्ला माझाच. दोष वेळेच्या ओळीचा आहे, शिक्षा नक्षीला कशाला? तीन हजार ओळींच्या फाइलीत साधी कॉमेंट मिनिमॅपवर, म्हणजे एडिटरच्या कडेला दिसणाऱ्या फाइलीच्या छोट्या चित्रात, मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते, मोठी अक्षरे मात्र वाचता येतात.

कोरडा_कोडर: तीन हजार ओळींची फाइल हाच मूळ आजार आहे. शिवाय व्हीएस कोड या एडिटरच्या मिनिमॅपमध्ये २०२४ पासून कॉमेंटीत 'मार्क' आणि कोलन लिहिले की शीर्षक उमटते.

जोडाक्षर: मराठीचे काय, हे कोणीच विचारत नाही. मी ताऱ्यांच्या चौकटीत 'क्षितिज' लिहिले. डोळ्यांना अक्षरे तीन, युनिकोडच्या हिशेबी चिन्हे सात; स्क्रिप्टने सात घरे धरली आणि उजवी भिंत आत ढासळली.

कोरडा_कोडर: चिन्हे न मोजता दिसणारी रुंदी मोजावी, इतके साधे आहे.

जोडाक्षर: कोणत्या फॉन्टमधली रुंदी? माझ्या टर्मिनलमध्ये सरळ आलेली भिंत एडिटरमध्ये पुन्हा वाकडी झाली. 'साधे आहे' म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचे नाव देवनागरीत चौकटीत बसवून दाखवावे.

मर्जग्रस्त: आपण दोघांनी भिंती अवश्य बांधाव्यात, पण धागा गिटचा आहे.

जोडाक्षर: मराठी आली की विषयांतर होते, हे ठाऊक आहे.

श्रोता: माझा सहकारी दृष्टिहीन आहे आणि स्क्रीन रीडरवर कोड ऐकतो. एकदा त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला. "अंडरस्कोर, अंडरस्कोर, स्लॅश, उभी रेघ" हे संपेपर्यंत फाइलीचे नावसुद्धा कळले नाही, आणि स्क्रिप्टने ते दोनशे फाइलींवर चिकटवलेले होते.

नक्षीदार: हे मला सुचले नव्हते, हे मान्य. सेव्हवरची स्क्रिप्ट आज काढतो. कोरड्या महाशयांनी पेढे वाटावेत. पार्सरच्या फाइलीवरची नक्षी मात्र मी स्वतः हाताने रेखाटली आहे. तिच्यावर साध्या शब्दांत एक ओळ लिहीन, पण ती पुसणार नाही.