नदीकाठी दहा जनावरांचा गोठा: संख्या वाढवावी की आहे तोच सावरावा?

नदीकाठचा गोठा (करवीर तालुका)
सर्वांना नमस्कार. आमचे गाव पंचगंगेच्या काठावर असून घरी सहा संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई आणि चार म्हशी आहेत. अडीच एकर रान आहे, त्यातील दोन एकर ऊस आणि उरलेल्या अर्ध्या एकरात हत्तीगवत आहे. सध्या चार गाई आणि दोन म्हशी दुभत्या आहेत व दिवसाला 55 लिटरच्या आसपास दूध डेअरीला जाते. दर दहा दिवसांचे बिल पाहिले तर बरे वाटते, पण पेंड, भुसा, औषधे आणि विकतची वैरण यांचे पैसे भागवल्यावर हातात फारसे राहत नाही. गाईच्या दुधाला 8.5 एसएनएफ (दुधातील स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) लागत नाही म्हणून दरही कापला जातो. 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत जनावरे पाहुण्यांच्या गावी न्यावी लागली, साठवलेली वैरण भिजून कुजली आणि तेव्हाचा खड्डा अजून पूर्ण भरलेला नाही. आता कर्ज काढून हरियाणातून आणखी सहा मुऱ्हा म्हशी आणाव्यात, म्हणजे दूध वाढून खर्च भागेल, असे मुलगा म्हणतो. मला धाडस होत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
नमस्कार. तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात: दहापैकी सहाच जनावरे दुभती आहेत. उरलेली चार रोज खातात आणि त्यांचा खर्च त्या सहांच्या दुधातून भागतो. नवीन म्हशी आणण्याआधी या चौघींचा हिशोब मांडा, कारण हेच व्यवस्थापन राहिले तर दीड-दोन वर्षांनी सोळांपैकी सहा-सात जनावरे भाकड उभी असतील आणि डोक्यावर कर्जाचा हप्ता असेल.

म्हशीचा गाभणकाळ सुमारे 310 दिवसांचा असतो. व्याल्यानंतर साडेतीन महिन्यांत ती पुन्हा गाभण राहिली तर दोन वेतांतील अंतर पावणेचौदा महिन्यांच्या आत राहते. तेच गाभ राहायला आठ महिने लागले तर हे अंतर 18 महिन्यांवर जाते. दूध मात्र दोन्ही वेळा साधारण दहा महिनेच मिळते. म्हणजे एका दुर्लक्षित माजामागून दुसरा असे करत साडेचार महिने फुकट खुराक जातो. भाकड जनावरावर दिवसाला केवळ 150 रुपये खर्च धरला तरी ही रक्कम एका म्हशीमागे 20,000 रुपयांच्या वर जाते, आणि लांबलेल्या वेताचे दूध व पारडू यांचे नुकसान त्यात धरलेलेच नाही.

म्हशीचा माज बहुधा मुका असतो, ती गाईसारखी हंबरत नाही. रात्री उशिरा आणि पहाटे सोट (माजावरचा चिकट स्राव) दिसतो का, लघवी वारंवार थोडीथोडी करते का, धारेला एकदम दूध कमी देते का, हे पाहावे लागते. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे. त्यानंतर 21 व्या दिवसाकडे लक्ष ठेवावे आणि न उलटल्यास (पुन्हा माजावर न आल्यास) 60 ते 90 दिवसांत गाभण तपासणी करावी. पुष्कळ जण तपासणी करत नाहीत, गाभण आहे असे समजून पाच-सहा महिने घालवतात आणि मग जनावरालाच दोष देतात, याचे मला नोकरीभर वाईट वाटत आले.

दुसरी गोष्ट वाड्याची, म्हणजे उसाच्या शेंड्याकडील हिरव्या पानांची. गळीत हंगामात आपल्याकडे वाडे मुबलक असते, म्हणून गव्हाण त्यानेच भरली जाते; परंतु वाड्यात ऑक्झलेट असते, ते शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते आणि प्रथिनेही त्यात अगदी कमी असतात. 400 किलो वजनाच्या गाईला वजनाच्या तीन टक्के, म्हणजे पाण्याचा अंश वगळून 12 किलो चारा-खुराक दिवसाला लागतो. त्यासाठी हिरवी वैरण 25 किलो, कडबा किंवा भुसकट चार-पाच किलो आणि उरलेले पशुखाद्य, अशी मांडणी असावी. वाडे द्यायचेच असेल तर हिरव्या वैरणीच्या निम्म्यापेक्षा अधिक नको आणि सोबत रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नका. पोटाला ऊर्जा कमी पडली की एसएनएफ उतरतो; सुप्त दगडीनेही (बाहेरून लक्षणे न दिसणाऱ्या कासेच्या सुजेनेही) उतरतो, म्हणून चारही सडांचे दूध वेगवेगळे तपासून घ्या.

पूरपट्टा शिरोळ
वरील सल्ल्याला पूर्ण सहमती आहे. मी फक्त पुरापुरते लिहितो, कारण आम्ही तो गोठ्यात छातीएवढा पाहिला आहे.

दहा जनावरांना रोज 25 किलो म्हटले तरी वर्षाला 90 टनांवर हिरवी वैरण लागते आणि ती अर्ध्या एकरातून निघत नाही. शिवाय हत्तीगवत पाण्याखाली राहिले की मुळे कुजतात. आम्ही उसाचे एक रान मोडून तेथे मका केला. दाणा दुधाळ अवस्थेतून चिकात येताना, म्हणजे 75 ते 80 दिवसांत तो कापावा, बारीक कुट्टी करावी आणि पिशवीत हवा राहणार नाही असा दाबून मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) करावा. 45 दिवसांत तो तयार होतो. रोज 15 किलो या हिशोबाने दहा जनावरांना एका महिन्यासाठी साडेचार टन पुरतो आणि तेवढ्यासाठी 12 ते 15 गुंठे मका बस्स होतो. या पिशव्या मे महिन्यातच उंचावरच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवाव्यात, कारण ट्रॅक्टरची मागणी सगळ्या गावाकडून एकाच दिवशी येते. भिजलेली, बुरशी आलेली वैरण मात्र कितीही वाईट वाटले तरी घालू नका.

घटसर्प व फऱ्याची लस पावसाआधी आणि लाळ्या खुरकूतची दर सहा महिन्यांनी टोचून घ्या. विमा असेल तर कानातला बिल्ला शाबूत आहे का ते पाहा, बिल्ल्याशिवाय दावा टिकत नाही. आणि पूर्ण गाईंवर किंवा पूर्ण म्हशींवर जाऊ नका. 2022 मध्ये लम्पी (जनावरांचा त्वचारोग) आला तेव्हा आमच्या गाईंचे दूध महिनाभर बसले, पण म्हशींना तो लागला नाही व घर त्यांच्यावर चालले.

रस्ते बंद होऊन संकलन थांबते तेव्हा दूध ओतून देऊ नये. म्हशीच्या दुधाचे दही लावून लोणी काढावे आणि तूप करावे, ते टिकते व विकतेही.

गडहिंग्लजची माहेरवाशीण
भाऊ, एक विचारते, रागावू नये. तुमच्या घरी धारा कोण काढते? बहुतेक घरांत हे काम बायकांचेच असते, आणि माज कोणाचा, खाणे कोणी सोडले, कोणत्या सडाला गाठ लागते हे पहिल्यांदा त्यांनाच कळते. पण डॉक्टरांशी आणि डेअरीशी बोलणारा माणूस वेगळा असतो. आमच्याकडे सासूबाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक जनावराची व्यायलेली, भरवलेली (रेतन केलेली) आणि उलटलेली तारीख लिहायला सुरुवात केली, त्या वर्षापासून भाकड दिवस डोळ्यांना दिसू लागले. धार झाल्यावर सड औषधी द्रावणात बुडवावेत आणि लगेच वैरण टाकावी, म्हणजे जनावर अर्धा तास उभे राहते व सडाचे तोंड मिटेपर्यंत खाली बसत नाही. आमची दगडी याने खूप कमी झाली.

नदीकाठचा गोठा (करवीर तालुका)
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पत्नीसोबत बसून तारखा काढल्या. दोन भाकड म्हशींपैकी एक व्यायल्याला अकरा महिने झाले असून तिला एकदाही भरवलेले नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. दुसरी तीनदा उलटली आहे. भाकड गाईंपैकी एक मात्र सात महिन्यांची गाभण आहे. कर्जाचा अर्ज तूर्त थांबवला आहे आणि ऊस तुटल्यावर वीस गुंठ्यांत मका करण्याचे ठरले आहे. तीनदा उलटलेल्या म्हशीला चौथ्यांदा भरवावे की काढून टाकावे?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
दोन्हीही लगेच नको. पुढच्या माजाला रेतन न करता पशुवैद्यकाकडून गर्भाशय तपासून घ्या व सोट काचेसारखा स्वच्छ आहे की गढूळ ते पाहून ठेवा. गढूळ असेल तर आधी उपचार, मग पुढचा माज. तोवर जंतनाशक आणि खनिज मिश्रण सुरू करा. गाभण गाईचे दूध अजून चालू असते तर आटवायला सांगितले असते, पण ती आटलेलीच आहे; तिला शेवटचे दोन महिने दोन किलो खुराक जादा ठेवा, त्याचा परिणाम पुढच्या वेताला दिसेल.