मदत हवी आहे: घोडीचं डोकं नीट धरायचं कसं?

सोलापुरात घोड्यांच्या एका डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून लागून चार महिने झाले. त्याआधी सगळा हात गाई-म्हशींवर बसलेला, त्यामुळे इथे रोज फजिती.

परवा रात्री वरातीची एक घोडी पोटशूळ घेऊन आली. सारखी कुशीकडे वळून बघायची, पुढच्या खुराने जमीन उकरायची. जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवलं की मान झटकायची. तिसऱ्या वेळी कशीबशी नाडी मोजली, 64 भरली. (निवांत घोड्याची 28 ते 44.) घोड्याला उलटी होत नाही, म्हणून डॉक्टर नाकातून नळी घालून पोट मोकळं करतात. तेव्हा डोकं धरायचं काम माझं. घोडी शांत उभी राहावी म्हणून तिच्या वरच्या ओठाला दोरीचा पीळ देतो, पण ऐनवेळी तो निसटतोच. वर मालक ओरडतो, "अहो, हळू!"

अकलूजच्या घोडेबाजारात जाणारं कुणी आहे का इथे? पीळ किती वेळ ठेवायचा? उभं नेमकं कुठे राहायचं? डॉक्टरांना विचारलं तर "बघून शीक" एवढंच. कुणी प्रत्यक्ष दाखवणार असेल तर रविवारी गाडी काढून येतो.