‘इंटरफेथ मिनिस्टर’ला मराठीत काय म्हणावं?

एका लेखाचा अनुवाद करते आहे आणि पहिल्याच वाक्यात अडकले आहे. इंटरफेथ मिनिस्टर म्हणजे रीतसर शिकून हे काम पत्करलेली, पण कुठल्याही एका धर्माच्या वतीने न बोलणारी व्यक्ती. वधूवर वेगवेगळ्या धर्मांचे असतील तर ती लग्न लावते, कुठलाच पंथ न मानणाऱ्या माणसाच्या अंत्यविधीला उभी राहते, आजाऱ्यापाशी जाऊन बसते. ‘मिनिस्टर’ तसाच ठेवला तर वाचकापुढे मंत्री उभा राहतो. ‘पुरोहित’ लिहिलं, खोडलं. ‘धर्मगुरू’ लिहिलं, तेही खोडलं. आणि या कामाचं जे ‘कॉलिंग’ असतं, म्हणजे हे आपण करायलाच हवं असं जे आतून जाणवतं, त्याला काय म्हणू?

प्रतिसाद १

‘सर्वधर्मीय पुरोहित’ का नको? लग्न लावतो तो पुरोहित, वाचकाला चटकन कळेल. कॉलिंगला ‘जीवितकार्य’ चालावं.

प्रतिसाद २

‘पुरोहित’ कळायला सोपा आहे, पण अर्थ नेमका उलट्या दिशेने नेतो. पुरः म्हणजे पुढे, हित म्हणजे ठेवलेला. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत अग्नीला पुरोहित म्हटलंय ते याच अर्थाने. लॅटिन ‘मिनिस्टर’च्या मुळाशी मात्र ‘मायनस’ आहे, म्हणजे कमी. मिनिस्टर म्हणजे हाताखालचा, सेवेला उभा असलेला. त्याच्या विरुद्ध टोकाला ‘मॅजिस्टर’, मुळाशी ‘मॅगिस’ म्हणजे अधिक. आपला ‘मास्तर’ त्याच घराण्यातला. राजाचा सेवक म्हणून मंत्र्यालाही मिनिस्टर म्हणू लागले आणि आपल्याकडे शब्द पोचला तो त्या अर्थाने. तेव्हा एक पुढे ठेवलेला आणि एक खाली उभा राहिलेला. या दोघांना एकाच शब्दात कसं बसवणार?

क्रियापदं पाहा, म्हणजे फरक आणखी कळेल. पुरोहित पूजा ‘सांगतो’ आणि यजमान ती करतो. मी रुग्णालयात काम करते, तिथे या कामासाठी येणाऱ्या एका बाईंना जवळून पाहिलं आहे. एका वृद्ध रुग्णाने आईचा धर्म तरुणपणीच सोडला होता. शेवटच्या दिवसांत त्यांना आईची संध्याकाळची प्रार्थना हवी होती, पण पहिल्या दोन ओळींपुढे काही आठवेना. बाईंचा स्वतःचा धर्म वेगळा. त्यांनी ती प्रार्थना शोधली, मोठ्या अक्षरांत छापून आणली आणि कागद त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. स्वतः एक शब्दही म्हटला नाही. फक्त ओळीखालून बोट सरकवत होत्या, आणि ते अडखळले की बोटही थांबत होतं. त्याआधी त्यांनी विचारलं होतं एवढंच: काय म्हणायचंय, आणि काय अजिबात नकोय?

याला ‘सांगणं’ म्हणता येत नाही. मी ‘धर्मसेवक’, ‘धर्मसेविका’ सुचवेन. सुटा ‘सेवक’ लिहिला तर शिपायाचा अर्थ निघेल. कोणत्या धर्माचा सेवक, असं कुणी विचारलंच तर उत्तर सोपं आहे: समोरच्याचा जो असेल त्याचा, आणि कुठलाच नसेल तर त्या माणसाचा.

प्रतिसाद ३

‘सर्वधर्मीय’ला माझा विरोध आहे. ‘सर्व’ म्हटलं की सगळ्या धर्मांची बेरीज करून एक नवा धर्म काढलाय असं वाटतं, आणि या लोकांना नेमकं तेच नको असतं. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली जोसेफ गेलबरमन या ज्यू धर्मगुरूंनी अशा मंडळींच्या शिक्षणासाठी ‘द न्यू सेमिनरी’ सुरू केली. आपलं सूत्र ते दोन शब्दांत सांगत, मराठीत आणायचं तर: ‘ऐवजी’ कधीच नाही, नेहमी ‘शिवाय’. स्वतः ते अखेरपर्यंत ज्यूच राहिले. त्यामुळे ‘आंतरधर्मीय’ हाच शब्द बरा. वर्तमानपत्रांनी तो विवाहापुरता राखून ठेवलाय, पण ‘दोन धर्मांच्या मधलं’ हा अर्थ त्यात स्वच्छ आहे आणि ही माणसं उभी असतात ती तिथेच.

‘जीवितकार्य’ माणूस स्वतः ठरवतो. कॉलिंग ठरवता येत नाही, ते येतं. बायबलच्या मराठी भाषांतरात त्याला ‘पाचारण’ म्हटलंय. शब्द भारदस्त आहे, पण पाचारण करणारा नेहमी अधिकाराने वरचा असतो. दंगल झाली की पोलिसांना पाचारण करतात. मी ‘हाक’ म्हणेन. हाक वरून येते तशी शेजारूनही येते. शिवाय हाकेला ओ देता येते, पाचारणाला फक्त हजर राहता येतं. आजाऱ्याच्या खोलीतून येते ती हाकच.

मूळ प्रश्नकर्ती

‘हाक’ आणि ‘धर्मसेविका’ दोन्ही घेतले. ‘आंतरधर्मीय धर्मसेविका’मध्ये धर्म दोनदा येतो तो आधी खटकला. मग वाटलं, येऊ दे. पहिला अनेकांचा, दुसरा त्या वेळी समोर असलेल्या एकाचा. एरवी नुसतं ‘धर्मसेविका’ लिहीन.

आता गाडी ‘ऑर्डिनेशन’वर अडली आहे, म्हणजे शिक्षण संपल्यावर या कामासाठी रीतसर विधीने स्वीकारलं जाणं. ‘तिने दीक्षा घेतली’ असं लिहिलं आणि एका मैत्रिणीला वाचायला दिलं. तिने लगेच विचारलं, ‘म्हणजे धर्म बदलला का?’ मराठीत दीक्षा घेणं म्हणजे एक दार बंद करून दुसरं उघडणं. इथे तर पहिलं दार उघडंच राहतं.

प्रतिसाद २

‘सेवादीक्षा’ करून पाहा. ‘सेवा’ आधी आली की धर्मांतराचा विचार मागे पडतो.

मूळ प्रश्नकर्ती

बसतोय. वाक्य असं झालं: ‘पन्नाशीत तिला ही हाक ऐकू आली. दोन वर्षं शिकून तिने सेवादीक्षा घेतली. स्वतःची रोजची उपासना मात्र होती तशीच चालू ठेवली.’ शेवटचं वाक्य मूळ मजकुरात पुढच्या परिच्छेदात आहे, पण मराठीत ते इथेच हवं, म्हणून वर ओढून घेतलं.