रिव्हॉल्व्हरला सेफ्टीचा खटका नसेल, तर एक घर (काडतुसाची जागा) रिकामे ठेवावे का?

प्रश्न (द्राक्ष बागायतदार):
वडिलांच्या पश्चात त्यांचे .32 चे रिव्हॉल्व्हर रीतसर माझ्या परवान्यावर आले आणि हंगामात रोख रक्कम घेऊन येताना ते माझ्या कमरेला असते. वडील सहापैकी पाचच घरे भरत आणि घोड्याखालचे, म्हणजे मागून आपटणाऱ्या हातोडीसमोरचे, घर रिकामे ठेवत. ऑक्टोबर 2024 मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायाला स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी लागल्याचे वाचल्यापासून पत्नी रोज विचारते, याला खटका कुठे आहे? तो नाही. मग वडिलांची सवय मी पुढे चालवावी का?

प्रतिसाद (निवृत्त आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा):
तूर्त चालवा. 1873 च्या कोल्टसारख्या जुन्या रचनेत घोडा खाली असताना त्याची पिन थेट काडतुसाच्या टोपीवर (आघाताने पेट घेणाऱ्या भागावर) टेकलेली असते, त्यामुळे हत्यार घोड्यावर आपटले की चापाला बोट न लागताही गोळी सुटू शकते. यावर पुढे दोन उपाय निघाले. एकात घोडा आणि चौकट यांच्यामध्ये पोलादी पट्टी आडवी राहते आणि चाप ओढल्यावरच ती बाजूला होते. दुसऱ्यात पिन घोड्यावर नसून चौकटीत असते आणि घोडा तिच्यापर्यंत पोचतच नाही. चाप ओढल्यावर वर येणारी पट्टी त्याचा आघात पुढे नेते, आणि रुगर कंपनीने 1973 मध्ये आपल्या सिंगल ॲक्शन (दर वेळी घोडा आधी हाताने मागे ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्व्हरमध्ये हीच योजना आणली. आपल्या हत्यारात यांपैकी काय आहे आणि ते झिजले तर नाही ना, हे परवानाधारक गनस्मिथकडून उघडून पाहून घ्या. (वर्तमानपत्रे ‘घोडा दाबला’ असे छापतात, दाबतात तो चाप, घोडा आपटतो.)

प्रतिसाद (नेमबाजी प्रशिक्षक):
खटक्याला फार महत्त्व देऊ नये. ग्लॉक पिस्तुलाला बाहेरचा खटका सहसा नसतोच; त्याच्या आपोआप चालणाऱ्या तिन्ही सेफ्टी चाप ओढल्याशिवाय गोळी सुटू देत नाहीत, पण तो बोटाने ओढला की शर्टाच्या टोकाने, हे त्यांना कळत नाही. म्हणून चाप पूर्ण झाकणारे, घट्ट होल्स्टर हवे. किल्ल्यांच्या खिशात हत्यार कधीही नको. परत म्यान करताना शर्ट बाजूला धरून, बोट चापापासून दूर ठेवून, सावकाश आत सरकवावे, कारण घाई बहुधा तिथेच होते. घरी आल्यावर नळी निर्धोक दिशेला ठेवून काडतुसे ताटलीत काढा आणि मोजा: पाच भरली असतील तर पाच, रिकाम्या घरातही डोकावून. मग हत्यार आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत.

प्रतिसाद (परवानाधारक):
परवान्यावरील अटीही वाचाव्यात. शाळा-महाविद्यालयाच्या आवारात, मिरवणुकीत किंवा सभेत हत्यार नेता येत नाही; वाटेत मुलाला शाळेतून घ्यायचे असेल, तर त्या दिवशी ते घरीच कुलपात राहू द्यावे.

प्रश्नकर्ता:
आज गनस्मिथने उघडून दाखवले. पट्टी आहे, पण तिची स्प्रिंग मऊ पडली आहे. हत्यार दुरुस्तीसाठी पावती घेऊन ठेवले. रोख आणायला पुढच्या आठवड्यात मेहुण्यांना सोबत नेईन.