मदत हवी आहे: मेलेली बायको कोर्टात उभी राहते, तो जुना मराठी चित्रपट कोणता?

नमस्कार मंडळी,

साधारण ८४-८५ साल असेल. चाळीत टीव्ही एकच, शेजारच्या काकूंकडे, लाकडी शटरचा. काचेवर निळं प्लॅस्टिक लावलेलं, त्यामुळे सगळे नट निळे दिसायचे. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट असायचा.

आठवतंय ते एवढंच. एका माणसाची बायको वारलेली असते. मग कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात हुबेहूब तशीच बाई उभी. ती म्हणते, मीच तुमची बायको. आणि फक्त नवरा-बायकोलाच ठाऊक असाव्यात अशा गोष्टी भर कोर्टात सांगत सुटते. तो घाम पुसतोय. माझी आजी सुपारी कातरत बसली होती, तिचा अडकित्ता तिथेच थांबला. "अगो बाई, मेलेली परत आली!" तिचं हे वाक्य पक्कं लक्षात आहे. बातम्यांनंतर वीज गेली आणि ती बाई खरी की खोटी ते शेवटपर्यंत कळलंच नाही.

अजून एक. तीच बाई आंधळी होती आणि रस्त्यावर गाणं म्हणत होती. गाण्यात 'विकत' असा शब्द होता. आंधळी बाई कोर्टात नवऱ्याला ओळखते कशी, हे कोडं मला तेव्हापासून आहे.

कोणी सांगेल का?

प्रतिसाद:
सोप्पंय. 'मेरा साया'. सुनील दत्त आणि साधना, १९६६.

धागाकर्ती:
गुगलनेही तेच सांगितलं. पण हिंदी नव्हता हो. आजीला हिंदीचा गंध नव्हता. हिंदी चित्रपट असला की ती दर दोन मिनिटांनी "काय म्हणाला गो?" विचारायची. त्या दिवशी एकदाही विचारलं नाही.

प्रतिसाद:
ताई, आजींनी बरोबर साक्ष दिली. तो 'पाठलाग', १९६४. राजा परांजपे यांचा. काशिनाथ घाणेकर आणि भावना. 'मेरा साया' याच्यावरूनच केला. 'या डोळ्यांची दोन पाखरे' आठवतंय का? गदिमांचे शब्द, दत्ता डावजेकरांचं संगीत, आशाबाईंचा आवाज. नसेल आठवत तर आधी ते ऐका, मग बाकीचं आपोआप आठवेल.

आता आंधळीचं. ती या चित्रपटातली नाहीच! ती 'जगाच्या पाठीवर' (१९६०) मधली सीमा देव, आणि गाणं 'बाई मी विकत घेतला श्याम'. तो चित्रपटही राजाभाऊंचाच, त्यात नायकही तेच. दोन शनिवारांची तुम्ही गोधडी शिवली आहे. माझंही असं झालंय. 'हा माझा मार्ग एकला'मधला लहानगा सचिन मी कित्येक वर्षं भलत्याच चित्रपटात बसवून ठेवला होता.

बाई खरी की खोटी ते सांगत नाही. एवढी वर्षं थांबलात, आणखी दोन तास थांबा.

धागाकर्ती:
'या डोळ्यांची' लावलं आणि पहिल्या ओळीलाच अंगावर काटा आला. हेच! आई स्वयंपाकघरातून पुढचं कडवं म्हणत बाहेर आली. तिला चित्रपटाचं नाव विचारलं तर म्हणाली, "पाठलाग. मला का नाही विचारलंस?"

खरंच, का नाही विचारलं.

'विकत'चंही लागलं. देव विकत घेतला म्हणजे केवढ्याला, असं मी तेव्हा आजीला विचारलं होतं, आणि तिने "गप बस, ऐकू दे" म्हणून पाठीत धपाटा घातला होता. ते आत्ता आठवलं.

दोन्हींची बरी प्रिंट कुठे मिळेल तेवढं सांगा. यूट्यूबवर जी दिसली तिच्यात आवाज ओठांच्या मागून धावतोय. आई म्हणते शेवट मी सांगते. तिला कसंबसं थोपवून धरलंय, तेव्हा जरा लवकर.