फेब्रुवारीत स्पीती : कॅमेरा, थंडी आणि माणसांचे फोटो. सल्ला हवा आहे

रानजाई (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत हिमाचलमधल्या स्पीतीला जायचं पक्कं होतंय. हातात १४ दिवस आहेत. पुण्याहून चंदीगडला विमान, पुढे शिमला, रेकाँग पिओ आणि काझा. सोबत मैत्रीण आहे. ती फोटो काढत नाही, कुठेही पुस्तक उघडून बसते, त्यामुळे माझ्यामागे घाई करणारं कुणी नाही.

माझ्याकडे क्रॉप (लहान) सेन्सरचा डीएसएलआर, १८-१४० आणि ७०-३०० मिलिमीटर अशा दोन लेन्स, दोन बॅटऱ्या आणि एक ट्रायपॉड आहे. आजवरचं माझं सगळं फोटो काढणं सह्याद्रीतलं, तेही बरंचसं पावसाळ्यात, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून. बर्फ मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही.

डोक्यात असलेले फोटो सांगते. ‘की’ नावाचा गोंपा (बौद्ध मठ) आणि वर आकाशगंगा. किब्बरला हिमबिबट्या. चिचमचा पूल, हिक्किमचं पोस्ट, लांग्झा आणि कॉमिक ही गावं. आणि तिथली माणसं, विशेषतः म्हाताऱ्या बायका.

१५०-६०० लेन्स भाड्यानं घ्यावी का? थंडीत कॅमेरा बंद पडतो म्हणतात, मग काय करायचं? बर्फात एक्सपोजर कसं धरायचं? गेलेल्या लोकांनी सविस्तर लिहा, प्लीज. इतक्या लांब मी पुन्हा लवकर जाऊ शकेन असं वाटत नाही.

पायवाट (नागपूर)

कॅमेऱ्याचं जाणकार सांगतील. मी डॉक्टर आहे, म्हणून उंचीबद्दल लिहिते.

कळसूबाई १,६४६ मीटर. किब्बर सुमारे ४,२७० मीटर. तिथे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या साधारण साठ टक्के असतो. तुम्ही शिमल्याकडून चढताय हे उत्तम. मनालीकडचा कुंझूम घाट तसाही तेव्हा बर्फानं बंद असतो. वाटेत टाबोला (३,२८० मीटर) दोन रात्री काढा, मगच काझा आणि त्यानंतर किब्बर. डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, कुणाचं ऐकून गोळी घेऊ नका.

फोटो काढणाऱ्यांना मुद्दाम सांगते. उजेड छान आहे म्हणून डोकेदुखी अंगावर काढू नका. डोकं दुखतंय आणि उलटी आली, चालताना तोल जातोय, किंवा बसल्या जागी धाप लागतेय, तर लगेच खाली उतरायचं. मैत्रिणीलाही ही लक्षणं सांगून ठेवा, कारण ज्याला त्रास होतो त्याला स्वतःचं कळत नाही.

घाटवळण (ठाणे)

आम्ही जुलैत गेलो होतो. काझ्याहून टॅक्सी केली तर लांग्झा, हिक्किम, कॉमिक एका दिवसात आरामात होतं. दुसऱ्या दिवशी की, किब्बर, चिचम. १५०-६०० जरूर घ्या, हिमबिबट्यासाठी ३०० पुरणार नाही. आणि ड्रोन असेल तर नियम आधी बघा, सीमा जवळ आहे.

मिरजेचा_स्टुडिओ

रानजाई ताई, मिरजेत माझा २८ वर्षं स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो. स्पीतीला फेब्रुवारीत दोनदा गेलो, २०१६ आणि २०१९ साली. मुद्दे जसे आठवतील तसे लिहितो.

आधी बर्फाचं, कारण ते सोपं आहे. पांढऱ्या शेरवानीतला नवरदेव नुसता मीटरच्या भरवशावर सोडला तर शेरवानी मळकी येते. बर्फाचंही तेच. समोर काहीही असो, मीटर ते मध्यम करड्यावर आणून ठेवतो. म्हणून एक्सपोजर एकपासून पावणेदोन स्टॉपपर्यंत प्लसमध्ये ठेवा, रॉ फाइलमध्ये काढा आणि हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजवीकडे भिंतीला टेकत नाही ना एवढं बघा. सावलीतला बर्फ निळा दिसतो. तो निळाच राहू द्या, घरी येऊन धुऊन पांढरा करू नका. पोलरायझर फिल्टर घरी ठेवा. त्या उंचीवर आकाश मुळातच गडद असतं, वाइडला लावला तर अर्धं आभाळ काळं आणि अर्धं फिकं येतं.

बॅटऱ्या दोन पुरणार नाहीत, चार न्या. एक कॅमेऱ्यात, बाकीच्या आतल्या शर्टाच्या खिशात, अंगाला लागून. रात्री काझ्यात पारा शून्याखाली वीसच्या आसपास जातो, तेव्हा त्या पांघरुणात घेऊन झोपायचं. थंडीत संपलेली बॅटरी फेकून देऊ नका, खिशात गरम झाली की पुन्हा वीस-पंचवीस फोटो देते. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्या लागतात, हे लक्षात असू द्या. ट्रायपॉडच्या पायांना क्रिकेट बॅटच्या मुठीची रबरी ग्रिप चढवा. उघड्या धातूला तिथे हात लावता येत नाही.

आता ज्यानं कॅमेरे खरोखर बिघडतात ते. बाहेरची थंडी नव्हे, आतली ऊब. घरात मधोमध तंदूर (तिथली शेगडी) पेटलेला असतो, त्यावर चहा-पाणी उकळत असतं. बाहेरून गारठलेला कॅमेरा तसाच आत आणलात की काचेवर, आणि काचेच्या आतसुद्धा, पाणी धरतं. ते पुन्हा बाहेर नेलं की गोठतं. दाराबाहेरच कॅमेरा चेनच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि आत नेल्यावर दोन तास पिशवी उघडू नका. कार्ड आधीच काढून घ्या, म्हणजे पिशवी उघडायचा मोह होत नाही.

आकाशगंगेबद्दल थोडं नाराज करतो. तुमच्या मनातला तो जाड, उजळ पट्टा फेब्रुवारीत संध्याकाळी नसतो. महिनाअखेरीस पहाटे आग्नेयेला क्षितिजालगत थोडा येतो, आणि तिथे तर डोंगर आडवे. त्याऐवजी मृग नक्षत्र घ्या, संध्याकाळी दक्षिणेला चांगलं उंचावर असतं. तारे रेघेसारखे ओढले जाऊ नयेत म्हणून शटर किती वेळ उघडं ठेवायचं त्याचा हिशेब असा: तुमच्या १८ च्या लेन्सला क्रॉपचा हिशेब धरून २७, पाचशेला २७ नं भागा, म्हणजे अठरा सेकंद. मी पंधराच्या वर जात नाही. फोकस हातानं, ठळक ताऱ्यावर, मग रिंगला चिकटपट्टी. माझं मत विचाराल तर अमावास्या सोडा आणि अर्ध्या चंद्राला जा. बर्फावर चांदणं पडलं की सगळी दरी उजळते. की गोंपाचा चांगला फोटो पायथ्यातून मिळत नाही, किब्बरकडे चढणाऱ्या रस्त्यावरून मागे वळून बघा. गोंपाची टेकडी, खाली नदीचं पात्र आणि पलीकडची भिंत एका चौकटीत बसते.

घाटवळण यांनी सांगितलेली यादी जुलैत ठीक आहे. फेब्रुवारीत कॉमिक-हिक्किमचा रस्ता चालू असेलच असं नाही, आणि असला तरी ताई, तसं करू नका. एका गावात पाच-सहा दिवस राहा. किब्बरला राहा.

हे का म्हणतो ते सांगतो. २०१६ च्या पहिल्या दिवशी मी किब्बरमध्ये एका घराच्या धाब्यावर उभा होतो. खाली एक आजी ओंजळीनं सुकं शेण पाटीत भरत होत्या. मी वरून २०० मिलिमीटरनं फोटो काढला. त्यांनी वर पाहिलं, तोंड फिरवलं आणि पाटी तिथेच ठेवून आत निघून गेल्या. फोटो तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता. तो मी ठेवला नाही. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. २८ वर्षं माझ्यासमोर माणसं स्वतः येऊन बसत होती, भांग पाडून, पदर नीट करून. इथे मी न विचारता त्यांच्या अंगणात वरून डोकावलो होतो.

तिसऱ्या दिवशी घरमालकाच्या सुनेनं विचारलं, तुम्ही फोटोवाले आहात तर पासपोर्ट फोटो काढाल का? बँकेच्या कागदांना हवा होता आणि काझा वीस किलोमीटर, रस्ता बर्फानं बंद. तिथली घरं पांढऱ्या मातीनं रंगवलेली असतात, खिडक्यांना काळी जाड चौकट. त्या पांढऱ्या भिंतीपाशी स्टूल ठेवलं. समोर अंगणभर बर्फ. स्टुडिओत हनुवटीखालची सावली काढायला आम्ही थर्माकोल धरायचो, ते काम बर्फानं केलं. इतका मऊ, गोल उजेड मला मिरजेत कधी मिळाला नव्हता. तिचा काढला, मग तिच्या नवऱ्याचा, मग शेजारी आले. दुपारपर्यंत सतरा माणसं झाली. शेवटी त्या आजी आल्या. डोक्याचा रुमाल बदलून, गळ्यात पिरोजाची माळ घालून. स्टुलावर बसल्या आणि सरळ लेन्समध्ये पाहिलं.

त्यानंतर मला गावात कुठेही जाता आलं. गोठ्यात, तंदूरपाशी, लोकर कातणाऱ्या हातांपाशी. मिरजेत परतल्यावर सगळ्यांच्या आठ-आठ कॉप्या काढल्या (एका ६ बाय ४ वर आठ बसतात) आणि स्पीड पोस्टानं काझ्याला पाठवल्या. रस्ता उघडल्यावर वर पोचल्या, तसा फोन आला.

हिमबिबट्यासाठी १५०-६०० चं भाडं देऊ नका. हिवाळ्यात तो भरल आणि आयबेक्स या रानटी मेंढ्या-शेळ्यांच्या मागे खाली येतो हे खरं, पण गावातली माणसं दुर्बिणी लावून दिवस-दिवस बसतात तेव्हा समोरच्या कड्यावर एक ठिपका दिसतो. ७०-३०० नं तो कडाच काढा, ठिपक्यासकट. जानेवारी ते मार्च त्यांचा जोडीचा काळ असतो, म्हणून वाटाड्यावर जवळ नेण्यासाठी जोर करू नका. भरल मात्र रस्त्याकडेलाही भेटतात.

टाबोत मुख्य मंदिराच्या आत फोटोला बंदी आहे. मातीच्या भिंतींचं ते मंदिर ९९६ सालचं आहे आणि आतली चित्रं हजार वर्षांच्या घरातली. कॅमेरा खोलीवर ठेवून जा आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत आत बसा.

रानजाई (कोल्हापूर)

काका, हे दोनदा वाचलं. मैत्रिणीलाही वाचून दाखवलं.

१५०-६०० रद्द. त्या पैशात दोन बॅटऱ्या घेते. पायवाट ताई, टाबोच्या दोन रात्री धरल्या. लांग्झा-कॉमिक काढून टाकताना जीवावर आलं, खोटं कशाला सांगू, पण किब्बरला पाच रात्री करतेय.

एक शंका. मी काही स्टुडिओवाली नाही. माझ्याकडे कुणी स्वतःहून फोटो काढून घ्यायला येणार नाही. मग विचारायचं कसं? हिंदी समजते का सगळ्यांना? आणि कुणी पैसे मागितले तर?

मिरजेचा_स्टुडिओ

हिंदी बहुतेकांना येते, फार म्हाताऱ्यांना कमी. आधी ‘जुले’ म्हणा, तो त्यांचा रामराम. पहिले दोन दिवस कॅमेरा गळ्यात दिसू द्या, पण डोळ्याला लावू नका. पाणी भरायला जाताना सोबत जा. नळ गोठलेले असतात, पाणी लांबून आणावं लागतं, एक कॅन तुम्ही उचला. नमकीन चहा दिला तर घ्या. मग विचारा. नाही म्हटलं तर नाही.

पैसे मला कुणी मागितले नाहीत. मी प्रिंट देतो. तुम्हीही पाठवू शकाल तेवढ्याच माणसांना कबूल करा, वहीत घराची खूण आणि नाव लिहून घ्या. मॅट पेपर घ्या, ग्लॉसीवर तंदूरच्या धुराची बोटं उमटतात. पाकिटात मागे-पुढे पुठ्ठा घाला.

आणि एक काम होतं, जमलं तरच. २०१९ च्या फेरीत त्या सुनेची मुलगी चार वर्षांची होती. तिचे, आणि त्या आजींचे, असे बारा फोटो मी मोठे करून ठेवलेत, ८ बाय १२. पोस्टात वाकतील म्हणून आजवर पाठवले नाहीत. यंदा स्वतः जाणार होतो, पण गुडघ्याला डॉक्टरांनी नाही म्हटलंय. तुम्ही निघायच्या आधी मी पाकीट कोल्हापूर स्टँडवर आणून देतो, मिरजेहून तासाभराचं तर अंतर आहे. घर सांगतो. गावात शिरताना डावीकडे, ज्याच्या धाब्यावर सगळ्यात जास्त गवत रचलेलं असेल ते. तारीख कळवा.

रानजाई (कोल्हापूर)

१३ फेब्रुवारीला पहाटे पुण्याला निघतेय. काका, तुम्ही गुडघा घेऊन येऊ नका. ८ तारखेच्या रविवारी मीच मिरजेला येते. येताना माझे सह्याद्रीतले फोटो आणू का? बघून सांगाल?

मिरजेचा_स्टुडिओ

आणा. पण स्क्रीनवर नको, प्रिंट आणा.